बेडूकमाशाची शेपटी आणि कुपीतली कात्री

प्रयोगशाळांना जैवरसायने पुरवणाऱ्या कंपन्यांची सूचीपत्रे चाळली तर त्यांत एक नोंद हमखास सापडते: मानवी कोलॅजिनेज, अर्थात एमएमपी-१; पुनर्संयोजित; केवळ संशोधनासाठी. माल किती, तर काही मायक्रोग्रॅम. बारीकशा प्लॅस्टिकच्या कुपीत तळाशी असलाच तर दिसेल, एवढा. सोबत एक-दोन पानांचे माहितीपत्रक. या विकराविषयी आणि त्याच्या भाऊबंदांविषयी सुबोध विज्ञानलेखनात जे छापून येते त्यात त्याचे वर्णन बहुधा एकाच शब्दाने उरकलेले असते: कात्री. पेशींभोवती प्रथिनांचे जे जाळे असते ते ही कात्री कापते. कर्करोगाच्या पेशी तिच्याच साहाय्याने कुंपण तोडून शरीरभर पसरतात. हे चित्र आम्हीही फळ्यावर काढलेले आहे.

या लेखात आम्हाला त्या चित्राविषयी तक्रार मांडायची आहे. विकर कापते, यात शंका नाही. परंतु ते कापताना आपण पाहिले ते कुपीत आणि परीक्षानळीत, आणि तेथे जे पाहिले ते शरीरातले वर्तन म्हणून शिकवून मोकळे झालो. हा घोटाळा केवळ वर्गापुरता राहिला असता तर त्यावर चार पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. तो औषधनिर्मितीपर्यंत पोचला, आणि त्याची झळ रुग्णांना बसली.

आधी कापायची वस्तू पाहू. कोलॅजेन हे आपल्या शरीरातले सर्वांत विपुल प्रथिन. त्वचा, हाडे, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना बळकटी येते ती त्याच्यामुळे. त्याच्या रेणूची तीन पदरी, पीळदार रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी प्रथम मांडली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. प्रत्येक पदरात सुमारे १००० अमिनो आम्ले, दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, आणि तीन पदर एकमेकांत घट्ट वळलेले. सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि अवघा दीड नॅनोमीटर जाड असा हा दोर. पीळ शाबूत आहे तोवर ट्रिप्सिनसारख्या पचनविकराला तो दाद देत नाही. कातडे कमावून त्याच्या चपला होतात आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात, त्यामागे मुळातला हा चिवटपणा आहे. मात्र तेच कातडे किंवा हाडे पाण्यात उकळली की पीळ सुटतो, पदर मोकळे होतात आणि हाती येते जिलेटिन. सुतार लाकूड जोडायला जो सरस वापरत तो हाच. जिलेटिनचे तुकडे करायला कोणतेही सामान्य प्रथिनभंजक विकर पुरते.

आता कोडे असे. पावसाळी डबक्यातल्या बेडूकमाशाची शेपटी रूपांतराच्या वेळी काही दिवसांत नाहीशी होते. ती गळून पडत नाही, शरीरातच विरघळते. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसते तेव्हाही कोलॅजेन मोठ्या प्रमाणावर नष्ट होते. ऊती तर उकळत्या पाण्यात घातलेल्या नसतात, मग हा चिवट दोर तोडतो कोण? क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जीवाणूंकडे कोलॅजेन फस्त करणारे विकर असते हे माहीत होते. प्राण्यांच्या ऊतींत तसे काही सापडत नव्हते. संशोधक ऊती वाटत, अर्क काढत, अर्कात कोलॅजेन ठेवून पाहत. कोलॅजेन जसेच्या तसे राही.

बोस्टनच्या जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी १९६२ साली या कोड्याला हात घातला तो वाटण्याचा उद्योग बाजूला ठेवून. त्यांनी बशीत कोलॅजेनचा दुधी रंगाचा थर जमवला आणि त्यावर बेडूकमाशाच्या शेपटीचे लहान तुकडे जिवंत ठेवून वाढवले. शरीरबाह्य, पण जिवंत. काही काळाने तुकड्यांभोवतीचा दुधी थर पारदर्शक झाला. कोलॅजेन विरघळले होते. पेशींनी विकर तयार करून बाहेर सोडले होते.

सगळा प्रयोग एवढाच. कोणतेही अवजड यंत्र त्यात नाही, आणि म्हणून तो वर्गात सांगायला फार चांगला आहे. परंतु तो सांगताना नेमका त्यातला गाभा गाळला जातो, अशी आमची तक्रार आहे. ‘कोलॅजेन कापणारे विकर सापडले’ एवढेच पुस्तकात उरते. आधीचे लोक अपयशी का ठरले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ऊतींत हे विकर साठवून ठेवलेले नसतेच. गरज पडेल तेव्हा पेशी ते बनवतात, बनवतात तेही निष्क्रिय रूपात, आणि आजूबाजूला त्याला अडवणारी दुसरी प्रथिने तैनात असतात. वाटलेल्या ऊतीत विकर अत्यल्प आणि अडवणारेच अधिक, मग कोलॅजेन तुटणार कसे? म्हणजे या विकराविषयी पहिली गोष्ट जी कळली ती हीच होती की त्याचे काम त्याच्या परिस्थितीपासून तोडून पाहता येत नाही. पुढे ही गोष्ट विसरली गेली.

पुढच्या काही वर्षांत विकर कसे कापते तेही कळले. जीवाणूचे विकर दोराचे असंख्य तुकडे करते. बेडूकमाशाचे विकर एकाच ठिकाणी घाव घालते आणि दोराचे दोन तुकडे करते: एक तीन चतुर्थांश लांबीचा, दुसरा एक चतुर्थांश. मानवी विकरही असेच वागते. पदरातील ७७५ व्या आणि ७७६ व्या अमिनो आम्लांमधला दुवा ते तोडते. तुटलेल्या तुकड्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला आपोआप ढिला होतो आणि मग उरलेले काम दुसरी विकरे उरकतात. हजार दुव्यांतून एकच निवडणाऱ्या या विकराला कात्री म्हणणे म्हणजे सोनाराच्या छिन्नीला कुऱ्हाड म्हणण्यासारखे आहे. पण ही तक्रार तूर्त बाजूला ठेवू.

मानवी कोलॅजिनेजच्या जनुकाचा आराखडा १९८६ साली हाती आला. तेव्हापासून ते विकर मिळवण्यासाठी मानवी ऊतींवर अवलंबून राहण्याची गरज संपली. जनुक जीवाणूत किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालायचे, आणि त्यांनी बनवलेले प्रथिन शुद्ध करून घ्यायचे. ‘पुनर्संयोजित’ या शब्दाचा अर्थ एवढाच. याचे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. एकच विकर, दुसऱ्या कशाचीही भेसळ नाही, जगात कोठेही तीच कुपी उघडता येते. आमचे म्हणणे कुपीवरच्या मजकुराच्या वाचनाविषयी आहे. तो मजकूर प्रामाणिक असतो. वाचणारा घाईत असतो.

पहिली ओळ बहुधा सांगते की साखळीचा कोणता भाग कुपीत आहे. पेशीत बनणारी पूर्ण साखळी ४६९ अमिनो आम्लांची. पहिली १९ पेशीबाहेर जाण्याचा परवाना, तो बाहेर पडताना गळतो. त्यानंतर ९९ पर्यंतचा भाग म्हणजे विकराला निष्क्रिय ठेवणारे झाकण. १०० पासून खरे विकर सुरू होते, आणि त्याचेही दोन मुख्य भाग आहेत. पुढच्या भागात जस्ताचा अणू असलेली कापण्याची जागा. मागचा भाग चार पात्यांच्या पंख्यासारखा दिसतो, आणि दोन्हींना जोडणारा एक लवचीक दुवा. काही कुप्यांमध्ये केवळ पुढचा, कापणारा भाग असतो, कारण तो लहान असून जीवाणूंकडून बनवून घ्यायला सोपा पडतो. हा भाग जिलेटिन कापतो, दुधातले केसीन कापतो, कृत्रिम लहान साखळ्या तर चटकन कापतो. पीळदार कोलॅजेन मात्र त्याला कापता येत नाही. मागचा पंखा नसेल तर कोलॅजिनेज कोलॅजेन कापत नाही, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले होते. म्हणजे कुपीवर नाव ज्या कामाचे, ते काम करण्यास आतला माल असमर्थ असू शकतो! माहितीपत्रकात कोणता भाग घेतला ते आकड्यांत छापलेले असते. ते आकडे वाचावे लागतात.

दुसरी ओळ विकर जागे करण्याची. निष्क्रिय रूपात विकलेल्या कुपीसोबत सूचना असते की वापरण्यापूर्वी अमुक इतका वेळ पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगासोबत ठेवा. पारा कशाला? झाकणातल्या सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाने कापण्याच्या जागेवरील जस्ताला धरून ठेवलेले असते. पारा गंधकाला ओढून घेतो, पकड सुटते, आणि विकर स्वतःच झाकण छाटून टाकते. ‘सिस्टीनची कळ’ म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना १९९० साली मांडली गेली आणि ती फार सुरेख आहे. पण शरीरात पारा नसतो. तेथे हे झाकण दुसरी प्रथिनभंजक विकरे काढतात, ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने. आणि काढल्यानंतरही टिम्प नावाची चार रोधक प्रथिने टपून बसलेली असतात. एका विकराला एक टिम्प, एकास एक असे ते चिकटतात. परीक्षानळीतले विकर या अर्थाने मोकाट असते. त्याला जागे करणारा हात आपला, आणि अडवणारे कोणीच नाही.

तिसरी ओळ, विकराची क्षमता. ती बहुतेक वेळा एका लहान कृत्रिम साखळीवर मोजलेली असते. साखळी तुटली की प्रकाश दिसतो, तो मोजायचा. सोयीचे आहे, जलद आहे. मात्र त्या साखळीत जेमतेम सात-आठ दुवे, पीळ नाही, पदर नाहीत. दोर कापण्याची क्षमता सुतळीच्या टोकावर मोजावी तसा हा प्रकार. आणि कुटुंबातली जवळजवळ सगळीच विकरे ती सुतळी तोडू शकतात.

मानवात या कुटुंबाचे २३ सदस्य आहेत. क्रमांक मात्र २८ पर्यंत जातात, कारण ४, ५ आणि ६ हे क्रमांक ज्यांना दिले होते ती विकरे दुसऱ्या क्रमांकांचीच निघाली. यांतील २ आणि ९ यांना जिलेटिनेज म्हणतात. त्यांचा शोध घेण्याची लोकप्रिय पद्धत अशी: जिलेटिन मिसळलेल्या जेलच्या पातळ थरात नमुना विजेच्या साहाय्याने पळवायचा, त्यासाठी वापरलेला साबणासारखा पदार्थ धुऊन काढायचा, रात्रभर उबेत ठेवायचे, आणि निळ्या रंगात बुडवायचे. विकराने जेथे जिलेटिन खाल्ले तेथे रंग चढत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा पट्टा. अनेक शोधनिबंधांत हा पट्टा ‘ऊतीत विकर सक्रिय होते’ याचा पुरावा म्हणून पुढे केला गेला आहे. आमच्या मते हे वाचन चुकीचे आहे. तो साबणासारखा पदार्थच झाकण उचकटतो, त्यामुळे निष्क्रिय विकरही पट्टा दाखवते. टिम्पही त्याच वेळी सुटून वेगळे होते. पट्ट्याच्या जागेवरून झाकणासह असलेले विकर आणि झाकणाविना असलेले विकर ओळखता येते, पण ऊतीत ते खरोखर काही कापत होते का, हे पट्टा सांगत नाही. ते तेथे होते, एवढेच सांगतो.

हा मुद्दा शाळेत दाखवता येतो. क्ष-किरण चित्राची जुनी, काळी फिल्म घ्यावी. तिच्यावर जिलेटिनच्या थरात चांदीचे कण अडकलेले असतात. (हल्लीच्या संगणकीय छपाईच्या फिल्मवर हा प्रयोग करू नये, निराशा पदरी येईल.) तिचा तुकडा ताज्या अननसाच्या रसात ठेवला की जिलेटिन विरघळते, काळा थर सुटतो आणि फिल्म पारदर्शक होते. उकळून गार केलेल्या रसात ती काळीच राहते. मुलांना हे आवडते. प्रयोग झाल्यावर मात्र त्यांना विचारावे: अननसाला जिलेटिनशी काय देणेघेणे? त्याच्या विकराने फिल्म साफ केली, यावरून ते विकर अननसात कोणते काम करते हे कळले का? येथे वर्गात जी शांतता पसरते ती आम्हाला फिल्मइतकीच मोलाची वाटते.

आता रुग्णांची गोष्ट. गाठींमध्ये ही विकरे वाढलेली आढळत. उंदरांत त्यांना रोखले की गाठींचा प्रसार कमी होई. तेव्हा रोधक औषध बनवायचे ठरले, यात गैर काही नव्हते. कोलॅजेनच्या कापल्या जाणाऱ्या जागेसारखा दिसणारा आणि जस्ताला चिमटीत धरणारा रेणू तयार करायचा. ऑक्सफर्डच्या ब्रिटिश बायोटेक कंपनीचे बॅटिमास्टॅट प्रथम आले. ते पाण्यात फारसे विरघळत नसे, म्हणून उदरपोकळीत किंवा फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत टोचून द्यावे लागे. त्यानंतर तोंडाने घेता येणारे मॅरिमास्टॅट. परीक्षानळीत या रेणूंची कामगिरी उत्तम होती, अत्यल्प मात्रेत विकर थंड पडे. रुग्णांत १९९० च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या. अनेकांचे खांदे आणि हात दुखू लागले, सांधे आखडले. आयुष्य अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅरिमास्टॅट प्रचलित औषधापेक्षा सरस ठरले नाही, असा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. टॅनोमास्टॅट या दुसऱ्या रोधकाच्या चाचण्या १९९९ साली थांबवाव्या लागल्या, कारण फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात औषध घेणाऱ्यांची अवस्था औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली.

कारणे नंतर उलगडत गेली. जस्त सगळ्या कुटुंबाकडे आहे, लांबच्या नात्यातल्या विकरांकडेही आहे, त्यामुळे जस्त पकडणारे औषध एकालाच पकडत नाही. उंदरांना औषध रोगाच्या आरंभी दिले होते, माणसांना मात्र रोग पसरल्यावर. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ही विकरे कुंपण तोडण्याखेरीज पुष्कळ काही करतात. काही जण जाळ्यात अडकवून ठेवलेली वाढीची संदेशप्रथिने मोकळी करतात, तर काही जण मोठ्या प्रथिनांतून असे तुकडे काढतात जे गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांना अटकाव करतात. एमएमपी-८ हेही कोलॅजिनेजच. त्याचे जनुक काढून टाकलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी अधिक होतात, असे २००३ साली दिसून आले. म्हणजे हे विकर रक्षक होते. त्यालाही आपण चोराबरोबर पकडत होतो.

या अपयशाचा दोष कुपीला देणे अन्याय होईल. कुपीला एकच प्रश्न विचारला गेला होता: या रेणूने तू थांबतेस का? तिने होय म्हटले, आणि ते खरे होते. तू शरीरात कोठे, कोणाच्या सांगण्यावरून, काय कापतेस, हे तिला विचारून उपयोग नव्हता. ग्रॉस आणि लापिएर यांनी जिवंत ऊतीला जे विचारले होते ते तीस वर्षांनी निवांत कुपीला विचारले गेले. आमच्या मते ‘कात्री’ या शब्दाचा यात थोडा का होईना वाटा आहे. कात्री कोणाच्याही हातात कात्रीच असते, आणि ती काढून घेतली की काम थांबते, असे तो शब्द सुचवतो.

पाठ्यपुस्तकांतील विकरांचे तक्ते याच वळणाचे असतात: डावीकडे विकर, उजवीकडे ते कशाचे तुकडे करते. तिसरा रकाना, ‘हे कोठे आणि कसे पाहिले’, आम्हाला कोठे आढळला नाही. तो शिक्षकांनी स्वतः आखावा. जागा पुरत नसेल तर तक्त्यातली दोन विकरे कमी करावीत.

शेवटी त्याच कुपीच्या एका चांगल्या उपयोगाविषयी लिहिले नाही तर ही टीका एकांगी होईल. विकराची कापण्याची खाच अर्धा नॅनोमीटर रुंद आणि दोर दीड नॅनोमीटर जाड. मग तो आत शिरतो कसा? लंडनमध्ये हिदेआकी नागासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मुद्दाम बिघडवलेले पुनर्संयोजित एमएमपी-१ बनवले. कापण्याच्या जागेतील एक ग्लुटॅमिक आम्ल काढून तेथे अ‍ॅलॅनिन बसवले, की विकर धरते पण कापत नाही. हे बोथट विकर कोलॅजेनसोबत ठेवले, आणि त्यात अशी विकरे घातली ज्यांना एकट्याने पीळदार कोलॅजेन कापता येत नाही. त्यांत वर सांगितलेला पंखा नसलेला तुकडाही होता. आता ती कोलॅजेन कापू लागली. बोथट विकराने दोराचा पीळ त्या जागी सैल करून ठेवला होता. जाड सुंभ लहानशा पात्याने कापायचा झाला तर आपणही एका जागी पीळ उलगडून एकेक पदर वेगळा धरतोच की. २०१२ साली त्याच बोथट विकराची, कोलॅजेनच्या आखूड दोराला धरून बसलेल्या अवस्थेतली स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. विकराचे दोन्ही भाग दोराला लगटलेले त्यात स्पष्ट दिसतात. कापायचा दुवा मात्र त्या चित्रात योग्य जागी बसलेला नाही. दोर थोडा स्वतःभोवती फिरावा आणि शरीराच्या उबेने सैल झालेला एक पदर खाचेकडे झुकावा, तर घाव बसेल, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.